एकशे साठ प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं

हैदराबादेतल्या आपल्या घरांत इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांचं बारावीचं वर्ष म्हणजे दोन प्रवेश परीक्षांचं वर्ष. एक जेईई मेन आणि दुसरी राज्याची ईएपीसीईटी, जिला आपण जुन्या सवयीनं अजूनही एमसेटच म्हणतो. मध्यंतरी मंडळात आम्ही काही मुलांना एकत्र बसवून एमसेटचा सराव पेपर सोडवून घेतला. एका हुशार मुलीनं एकतीस प्रश्न कोरे सोडले होते. कारण विचारलं तर म्हणाली, "येत नसेल तर हात लावायचा नाही, असं क्लासमध्ये सांगितलंय." सांगितलं होतं ते जेईईसाठी, पेपर होता एमसेटचा. हा घोळ अनेक घरांत होतो, म्हणून हा लेख.

आधी हिशेब पाहू. एमसेटच्या इंजिनिअरिंग शाखेत गणिताचे ८०, भौतिकशास्त्राचे ४० आणि रसायनशास्त्राचे ४० असे १६० प्रश्न असतात, वेळ १८० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ६७ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. चारांतला एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी सरासरीनं चारांत एक बरोबर येतो. त्या मुलीचे एकतीस कोरे प्रश्न म्हणजे हातचे घालवलेले सात-आठ गुण. एकेका गुणावर अनेक मुलं उभी असतात, तिथे ही किंमत थोडी नाही.

जेईई मेनची चाल वेगळी. २०२५पासून तिथे ७५ प्रश्न, १८० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटं चोवीस सेकंद. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. इथेही 'शंका आली की सोड' हा नियम सरसकट लावू नये. चारांतले दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले, तर उरलेल्या दोघांतला एक निवडण्यात सरासरीनं दीड गुणाचा फायदाच आहे. मात्र ज्या प्रश्नांचं उत्तर अंकात लिहायचं असतं, तिथे पर्यायच नसतात. तिथे अंदाज म्हणजे जवळजवळ नक्की एक गुण वजा. तो प्रश्न सोडलेलाच बरा.

आता एमसेटचे १८० मिनिटं कसे वाटायचे? आम्ही मुलांना असं सुचवतो: रसायनशास्त्राला २५ मिनिटं, भौतिकशास्त्राला ४५, गणिताला ९५. उरतात १५, ती मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी. रसायनशास्त्र आधी, कारण तिथले बरेच प्रश्न आठवणीचे असतात. आठवलं तर लगेच, नाहीतर नाहीच. तिथे वाचलेली मिनिटं गणिताला मिळतात. ज्याचं गणित पक्कं आहे त्यानं क्रम बदलावा, पण तो सरावातच ठरवावा, परीक्षेच्या खुर्चीत बसल्यावर नव्हे.

प्रश्न वाचून वीसेक सेकंदांत वाट दिसली नाही, तर अडून बसू नये. बरा वाटेल तो पर्याय निवडावा, पुन्हा पाहण्याची खूण करावी आणि पुढे जावं. असं केलं की वेळ संपला तरी मागे कोरा प्रश्न राहत नाही. एका हट्टी गणितावर चार मिनिटं घालवणं म्हणजे पुढच्या साडेतीन प्रश्नांचा वेळ देऊन टाकणं. आणि ते साडेतीन कदाचित सोपे असतात. शेवटची पाच मिनिटं फक्त पडद्यावरचा प्रश्नक्रमांकांचा तक्ता पाहण्यासाठी ठेवावी. उत्तर न दिलेला एकही क्रमांक तिथे उरता कामा नये.

वाचनाचा वेगही यातच आला. जेईई मेन मराठीतूनही देता येते, पण मराठीचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांपुरताच असतो. एमसेटचा पेपर इंग्रजीच्या जोडीला तेलुगू किंवा उर्दूत असतो. तेव्हा इथल्या बहुतेक मराठी मुलांना प्रश्न इंग्रजीतूनच वाचावा लागतो. लांबलचक प्रश्नात आधी काय विचारलंय ते शोधायचं, मग दिलेली माहिती वाचायची, ही सवय घरीच लावता येते.

पालकांसाठी दोन गोष्टी. सराव पेपर कागदावर नको, संगणकावर घ्यावा. आणि परीक्षेच्याच वेळेला, सकाळी नऊ ते बारा किंवा दुपारी तीन ते सहा. त्या तीन तासांत चहा-पोहे घेऊन खोलीत जाऊ नये, "कितवा प्रश्न चाललाय?" हेही विचारू नये. पेपर संपल्यावर गुण विचारण्याआधी कोरे प्रश्न किती राहिले ते विचारावं. दुसरं, या दोन्ही परीक्षा अनेक सत्रांत होतात आणि सत्रांच्या काठिण्यानुसार गुणांचं समानीकरण होतं. पेपर अवघड वाटला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड असतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. घाबरून पहिली दहा मिनिटं गेली, तर ती कुठलंही समानीकरण परत देत नाही.

त्या मुलीनं पुढच्या रविवारी दुसरा पेपर सोडवला. अभ्यास तेवढाच होता, पण कोरा प्रश्न एकही नव्हता. यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे, त्यांनी निदान एक रविवार असा काढावा. मंडळाचे संगणक सकाळी मोकळेच असतात.