आयजेव्हीएम
आयजेव्हीएम : संगणकाची अंतर्गत रचना शिकविण्यासाठी आखलेली, चळतीवर आधारलेली सुटसुटीत असेंब्ली भाषा. अँड्रू टॅनेनबाउम यांच्या स्ट्रक्चर्ड कंप्यूटर ऑर्गनायझेशन या पाठ्यपुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत (१९९९) तिचा उपयोग केलेला आहे. जाव्हा आभासी यंत्राच्या आज्ञासंचातील केवळ पूर्णांकांपुरता भाग तीत घेतलेला असून आज्ञा अवघ्या २० आहेत.

थाळ्यांच्या चळतीप्रमाणे येथे शेवटी ठेवलेले मूल्य प्रथम निघते. अ व ब यांची बेरीज क मध्ये साठविण्यास ‘आयलोड अ’, ‘आयलोड ब’, ‘आयॲड’ व ‘आयस्टोअर क’ या चार आज्ञा लागतात. पहिल्या दोहोंनी मूल्ये चळतीवर चढतात. तिसरी ती काढून त्यांच्या जागी बेरीज ठेवते. चौथी ती क मध्ये उतरविते. मूल्यांची जागा ठरलेली असल्याने ‘आयॲड’ला पत्ते द्यावे लागत नाहीत व ती एका बाइटात मावते.

मात्र चळत स्मृतीत असल्याने स्मृतीशी वारंवार व्यवहार करावा लागतो व त्यात वेळ जातो. म्हणून मिक-१ या अध्यापनासाठीच्या नमुना-संस्कारकात सर्वांत वरचे मूल्य एका नोंदकातही ठेवतात. तेथे ‘आयॲड’ तीन सूक्ष्म आज्ञांनी पार पडते : पहिली खालचे मूल्य स्मृतीतून मागविते, दुसरी वरचे मूल्य बेरजेसाठी सज्ज करते व तिसरी बेरीज करून ती परत लिहिते. वरवर अविभाज्य भासणारी आज्ञा यंत्रात अशी पायऱ्यापायऱ्यांनी घडते, हे विद्यार्थ्यास उमगणे हेच या भाषेचे प्रयोजन होय.