देवाविना दारू सुटते का?

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्यांत ईश्वराला शरण जाणं आहे. मग नास्तिकाने काय करायचं? १९९४ साली तिथेच उभ्या राहिलेल्या ‘स्मार्ट रिकव्हरी’ने अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा आधार घेतला. तिथे कागदावर चार चौकोन आखतात : पिण्याचे फायदे, तोटे, सोडण्याचे फायदे, तोटे. पहिला चौकोन रिकामा ठेवून चालत नाही. झोप लागते, चारचौघांत जीभ सैल होते, हे प्रामाणिकपणे लिहिलं की त्या गरजा दुसऱ्या कशाने भागवायच्या ते शोधता येतं. शपथा-आणाभाकांपेक्षा मला हे अधिक खरं वाटतं.

मेंदूच व्यसनाने बदललेला असताना माणूस स्वतःला काय सावरणार, हा आक्षेप रास्त आहे. पण व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी माग काढला, तेव्हा मायदेशी परतल्यावर तीन वर्षांत पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे १२ टक्केच निघाले. (अर्थात, त्यांचा परिसरही बदलला होता.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार. उपचारांवरची संशोधनं एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या २०२०च्या आढाव्यात दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. म्हणून श्रद्धाच जिंकली, असं नाही. त्या यशामागे अभ्यासकांना बदललेली संगतही ठळक दिसते, आणि गट तर ‘स्मार्ट’मध्येही असतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना गाठा.