लहान लॅपटॉपमधील मोठा पेच : प्रोसेसर की ग्राफिक्स?

एप्रिल २०१० मध्ये ॲपल कंपनीने आपल्या मॅकबुक प्रो या लॅपटॉपच्या नव्या आवृत्त्या बाजारात आणल्या. १५ आणि १७ इंची यंत्रांमध्ये इंटेलचे नवे कोअर आय-५ व आय-७ प्रोसेसर बसविलेले होते. १३ इंची यंत्रात मात्र मागील पिढीचाच कोअर टू ड्युओ प्रोसेसर कायम ठेवण्यात आला होता. अमेरिकेतील किंमत १,१९९ डॉलर. त्याच सुमारास याहून पुष्कळ स्वस्त अशा साध्या लॅपटॉपांवरही कोअर आय-३ चे लेबल झळकू लागले होते. साहजिकच ग्राहकांमध्ये नाराजी उमटली. एवढी किंमत मोजून मागच्या पिढीचा माल का घ्यावा, हा त्यांचा सवाल होता आणि वरकरणी तो बिनतोडच होता.

या निर्णयामागे जो हिशेब होता तो एका कंपनीपुरता किंवा एका वर्षापुरता मर्यादित नाही. वजनाला हलका, आकाराने लहान, परंतु दर्जाने उत्तम असा लॅपटॉप घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक ग्राहकापुढे तो आजही उभा राहतो. म्हणून हे प्रकरण थोडे उलगडून पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन प्रकारची कामे

संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यातील भेद बँकेच्या कामकाजावरून सहज ध्यानात येतो. कर्जाचा एखादा प्रस्ताव मंजुरीसाठी येतो तेव्हा आधी उत्पन्न तपासायचे, त्यावरून परतफेडीची क्षमता ठरवायची, त्यावरून रक्कम, आणि मग तारण. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते. येथे दहा अधिकारी एकदम बसविले तरी प्रस्ताव दहापट वेगाने निकालात निघत नाही. एकच अनुभवी व तल्लख अधिकारी हवा असतो. प्रोसेसरचे काम हे असे असते. याउलट, हजारो बचत खात्यांवरील व्याजाची आकारणी घ्या. सूत्र एकच, खाती अनेक, आणि एका खात्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. येथे साधी बेरीज-गुणाकार करणारे पन्नास कारकून एकाच वेळी कामाला लावले तर काम झपाट्याने उरकते. ग्राफिक्स चिपची रचना अशा कारकुनांनी भरलेल्या दालनासारखी असते.

पडद्यावरील चित्र हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे. २०१० च्या त्या १३ इंची यंत्राच्या पडद्यावर १,२८० गुणिले ८०० म्हणजे १० लाख २४ हजार ठिपके होते. सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने रेखाटायचे तर सहा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. चलच्चित्रे, छायाचित्रांवरील संस्कार आणि त्रिमिती खेळ यांत हा भार आणखी वाढतो. ऑगस्ट २००९ मध्ये आलेल्या स्नो लेपर्ड या प्रणालीत ॲपलने ओपनसीएल ही सोय करून ग्राफिक्स चिपकडून चित्राव्यतिरिक्तची आकडेमोड करून घेण्याची वाटही खुली केली होती. कारकुनांचे दालन आता केवळ चित्रशाखेचे राहिले नव्हते.

उष्णतेचे अंदाजपत्रक

मोठ्या टेबलावरील संगणकात दोन्ही उत्तम घेता येतात. लहान लॅपटॉपची अडचण पैशाची नसून उष्णतेची असते. चिप जितकी वीज खाते तितकी उष्णता बाहेर टाकते आणि ती वाहून नेण्यासाठी पंखा, तांब्याची नळी व हवेची वाट लागते. अडीच सेंटिमीटर जाडीच्या यंत्रात ही व्यवस्था ठरावीक वॅटपलीकडे जात नाही. ही मर्यादा म्हणजे मंजूर अंदाजपत्रक समजावे. एका खात्याला जास्त दिले की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येणार. बॅटरीचेही तसेच.

यात एक बारकावा असा की, प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर त्याला पुरवलेला विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. परिणामी वेगाच्या शेवटच्या दहा टक्क्यांची किंमत आधीच्या दहा टक्क्यांपेक्षा पुष्कळ अधिक पडते. ग्राफिक्सच्या बाबतीत उलट उपाय चालतो. कारकुनांची संख्या वाढवून प्रत्येकाला जरा सावकाश काम करू दिले, तर तेवढ्याच विजेत एकूण काम जास्त होते. मात्र त्यासाठी चिपवर जागा लागते आणि चिपवरील जागा हा महागडा जिन्नस आहे.

कोअर आय-५ मध्ये टर्बो बूस्ट नावाची एक सोय होती. चिप थंड असेल तेव्हा ती काही काळ नेमून दिलेल्या वेगाच्या वर धावते आणि तापली की पुन्हा खाली येते. ओव्हरड्राफ्टच्या सोयीशी हिचे चांगलेच साम्य आहे. अडीनडीला उपयोगी, पण नियमित उत्पन्न म्हणून तिच्याकडे पाहू नये. जाहिरातीत मात्र हाच वरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो.

परवान्यातील वाद

२०१० च्या निर्णयात केवळ पदार्थविज्ञान नव्हते. एक करारही होता. कोअर टू ड्युओच्या काळात मेमरीशी देवघेव करणारा भाग प्रोसेसरमध्ये नसून चिपसेट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असे. इंटेलकडून २००४ मध्ये मिळालेल्या परवान्याच्या आधारे एनव्हिडिया ही कंपनी असे चिपसेट बनवी आणि त्यातच आपली ग्राफिक्स बसवी. ऑक्टोबर २००८ पासून ॲपल हीच चिप आपल्या लहान यंत्रांत वापरत होती. प्रोसेसर एक, बाकी सर्व कामांना दुसरी चिप एक. सारा संसार दोन चिपांत आटोपत असे.

पुढच्या पिढीत इंटेलने मेमरीचा तो भाग प्रोसेसरच्याच आत घेतला आणि जुना परवाना या नव्या प्रोसेसरांना लागू होत नाही, अशी भूमिका घेतली. एनव्हिडियाला ती मान्य नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये इंटेलने डेलावेअर राज्यातील न्यायालयात दावा दाखल केला. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने प्रतिदावा केला. कराराच्या भाषेचे महत्त्व बँकेतील मंडळींना वेगळे सांगावयास नको. करार झाला तेव्हा ज्या रचनेची कल्पनाही कलमात उतरली नव्हती, त्या रचनेवरून दोन मोठ्या कंपन्या न्यायालयात उभ्या राहिल्या.

याचा थेट परिणाम १३ इंची यंत्रावर झाला. नवा प्रोसेसर घ्यायचा तर त्यासोबत इंटेलचाच चिपसेट घेणे भाग होते. इंटेलने प्रोसेसरच्या जोडीला दिलेली ग्राफिक्स त्या वेळी दुबळी होती. चांगली ग्राफिक्स हवी असेल तर तिसरी चिप आणि तिची स्वतंत्र मेमरी बसवावी लागणार. १५ इंची यंत्रात त्यासाठी जागा होती. सीडी-ड्राइव्ह पोटात घेतलेल्या १३ इंचीत नव्हती. उरले दोनच मार्ग: नवा प्रोसेसर आणि साधी ग्राफिक्स, किंवा जुना प्रोसेसर आणि एनव्हिडियाची नवी जीफोर्स ३२०एम. या नव्या चिपमध्ये आधीच्या ९४००एम मधील १६ च्या जागी ४८ प्रक्रिया-घटक होते. २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर टू ड्युओचा मंजूर वीजखर्च २५ वॅट होता. कोअर आय-५ चा, ग्राफिक्स धरून, ३५ वॅट. ॲपलने दुसरा मार्ग पत्करला आणि बॅटरी दहा तास चालेल असे जाहीर केले. आदल्या वर्षीच्या यंत्राचा दावा सात तासांचा होता.

कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी एका ग्राहकाला दिलेले ईमेल उत्तर त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्याचा आशय असा की, प्रोसेसरच्या वेगातील किरकोळ वाढीपेक्षा उत्तम ग्राफिक्स आणि दहा तासांची बॅटरी आम्ही पसंत केली. ‘किरकोळ’ हा शब्द मात्र सर्वांना लागू पडणारा नव्हता. चित्रफितींचे रूपांतर करणारे, मोठे प्रोग्रॅम तयार करणारे, हजारो ओळींच्या स्प्रेडशीटवर काम करणारे यांना नव्या प्रोसेसरचा फरक स्पष्ट जाणवला असता. त्यांची तक्रार रास्त होती.

तिसरा मार्ग अगदीच नव्हता असेही नाही. सोनीने २०१० च्या वायो झेड या १३.१ इंची यंत्रात नवा प्रोसेसर आणि एनव्हिडियाची स्वतंत्र चिप, दोन्ही बसवून दाखविले, तेही दीड किलोच्या आत. अभियांत्रिकीचा तो नमुनाच होता. पण त्याची किंमत ॲपलच्या यंत्राहून कितीतरी अधिक होती.

कोण बरोबर ठरले?

जानेवारी २०११ मध्ये इंटेल व एनव्हिडिया यांच्यात तडजोड झाली. इंटेलने हप्त्याहप्त्याने एकूण १५० कोटी डॉलर द्यावयाचे ठरले. परंतु इंटेलच्या नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट बनविण्याची वाट एनव्हिडियाला खुली झाली नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये नवा कोअर आय-५ आणि इंटेलचीच एचडी ३००० ग्राफिक्स होती. प्रोसेसरची झेप मोठी होती. ग्राफिक्स मात्र काही कामांत जुन्या ३२०एमच्या पुढे, काहींत मागे, अशी जेमतेम बरोबरीची होती. शिवाय मॅकवर तिला ओपनसीएलचा लाभ नव्हता. दहा महिने थांबलेले ग्राहक त्या वेळी स्वतःला शहाणे समजले असतील, आणि त्यात वावगे काहीच नव्हते.

खरी गंमत पुढे आहे. २०१८ मध्ये ॲपलने मोजावे ही प्रणाली आणली. तिला मेटल नावाच्या नव्या ग्राफिक्स पद्धतीला पेलणारी चिप आवश्यक होती. ३२०एम त्यात बसत नव्हती आणि एचडी ३००० सुद्धा नाही. त्यामुळे २०१० चे ‘जुन्या’ प्रोसेसरचे १३ इंची यंत्र आणि २०११ चे कितीतरी वेगवान यंत्र, दोन्ही आदल्या वर्षीच्या हाय सिएरा या एकाच प्रणालीवर येऊन थांबली. ज्या प्रोसेसरसाठी एवढा वाद झाला, त्याने यंत्राचे अधिकृत आयुष्य एका आवृत्तीनेही वाढविले नाही. २०१२ च्या यंत्रांतील एचडी ४००० ही ग्राफिक्स मेटलला चालत होती. ती यंत्रे पुढे गेली.

२०१२ च्या यंत्रांची कहाणीही निर्दोष नाही. त्या ऑक्टोबरमध्ये १३ इंची यंत्राला रेटिना पडदा मिळाला, २,५६० गुणिले १,६०० ठिपक्यांचा. ठिपके एकदम चौपट झाले, पण ग्राफिक्स तीच प्रोसेसरसोबत येणारी एचडी ४०००. साधे पान वर-खाली सरकवतानाही चित्र अडखळते, असे परीक्षकांनी नोंदविले. ऑक्टोबर २०१३ मध्ये दुरुस्ती झाली ती उल्लेखनीय आहे. प्रोसेसरचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झवर आला, मंजूर वीजखर्च ३५ वरून २८ वॅटवर आला आणि ग्राफिक्सचे घटक १६ वरून ४० झाले. बॅटरीचा दावा सातवरून नऊ तासांवर गेला. कागदावर वेग घटला. हातात यंत्र अधिक चपळ झाले.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप आणली. तिच्यात आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणि आठ गाभ्यांपर्यंतची ग्राफिक्स एकाच चिपवर असून दोन्हींची मेमरीही सामाईक आहे. एअर या यंत्रातून तर पंखाच काढून टाकण्यात आला. यामुळे पेच सौम्य झाला, नाहीसा झाला नाही. पंख्याविना चालणारे यंत्र दीर्घकाळच्या जड कामात तापून वेग कमी करतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतविण्याचे आणि इंटेलच्या प्रोसेसरसोबत आपली ग्राफिक्स जोडलेल्या चिपा संयुक्तपणे विकसित करण्याचे जाहीर केले. डेलावेअरच्या दाव्यातील वादी-प्रतिवादी ते हेच.

खरेदीच्या वेळी

आज दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने प्रोसेसरच्या नावाइतकेच वॅटच्या आकड्याकडे लक्ष द्यावे. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० ही लॅपटॉपमधील चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसविलेली असू शकते. नाव एकच, काम निराळे. पातळ यंत्रात ती खालच्या टोकाला असण्याचाच संभव अधिक.

स्वतंत्र ग्राफिक्स नसेल तर मेमरीची जोडणी पाहावी. प्रोसेसरसोबतची ग्राफिक्स यंत्राच्या मुख्य मेमरीवरच जगते आणि मेमरीची पट्टी एकच असेल तर तिचा रस्ता निम्मा अरुंद होतो. इंटेलच्या अकराव्या पिढीतील कित्येक प्रोसेसरांची ग्राफिक्स दुहेरी जोडणीत आयरिस एक्सई म्हणून ओळखली जाते. एकेरी जोडणीत तीच चिप केवळ यूएचडी असे नाव दाखविते. बऱ्याच लहान यंत्रांत मेमरी बोर्डावरच पक्की जोडलेली असते व नंतर वाढविता येत नाही. तेव्हा हा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, आणि हिशेबी ग्राहकाने प्रोसेसरची एक पायरी उतरून तो करावा हे बरे.

ज्यांचे काम पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट एवढेच आहे, त्यांना गेल्या काही वर्षांतील कोणताही मध्यम प्रोसेसर पुरतो. मुलांचे शिक्षण वास्तुकलेचे किंवा ॲनिमेशनचे असेल तर ग्राफिक्सला झुकते माप द्यावे आणि वजन थोडे वाढू द्यावे. आणि दुकानदाराला विनंती करून यंत्र चार्जर काढून वीसेक मिनिटे कामात ठेवावे. अनेक लॅपटॉप बॅटरीवर गेले की आपली वॅटची मर्यादा स्वतःच कमी करतात आणि ही गोष्ट डब्यावर छापलेली नसते.