चैत्र, तितर आणि मधाच्या रिकाम्या पेट्या



मुरुडजवळच्या पारधी वस्तीला आपण दिलेल्या मधाच्या पेट्यांचे पुढे काय झाले, असे आपल्यापैकी अनेकांनी पत्रांतून आणि भेटीत विचारले. पेट्या आहेत, माश्या नाहीत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाचही पेट्या रिकाम्या झाल्या. एका पेटीत कोंबडी अंडी घालते आहे. हे असे का झाले आणि आता काय करायचे ठरले आहे, ते या अंकात सविस्तर सांगतो.

नव्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. हे मुरुड म्हणजे जंजिऱ्याचे, समुद्राकाठचे मुरुड नव्हे. हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे, बालाघाटाच्या पठारावरचे मुरुड आहे. काळी जमीन, मध्ये मध्ये मुरमाड माळ आणि पाण्याची कायमची ओढ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने ज्या लातूरला पाणी आणावे लागले, त्याच तालुक्यातले हे गाव.

गावाबाहेरच्या माळावर चैत्र लागला की पहाटेपासून तितर ओरडू लागतो. त्याचे ओरडणे हे पाखरांच्या विणीच्या हंगामाचे लक्षण. नर आपली हद्द राखत असतो आणि दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की भांडायला धावून येतो. फासेपारध्यांची जुनी शिकार याच स्वभावावर उभी आहे. पिंजऱ्यात पाळलेला तितर माळावर ठेवायचा, भोवती दोरीला ओळीने बांधलेले बारीक फास मांडायचे आणि लांब जाऊन बसायचे. पिंजऱ्यातला ओरडतो, रानातला चिडून येतो आणि फासात पाय अडकतो. लावाही अशाच युक्तीने पकडतात. इस्राएल लोकांच्या छावणीवर उतरलेले लावे पक्षी आपण शास्त्रात वाचतो, त्याच जातकुळीचे हे पाखरू.

आपले काही देणगीदार अमेरिकेत राहतात. तिकडे वसंतात टर्कीची शिकार चालते, हे त्यांना ठाऊक असेल. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नर पिसारा फुलवून समोर येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटी टर्की तिथे जवळजवळ संपत आली होती. मग परवाने आले, हंगाम ठरले, आणि वसंतात साधारणपणे नरच मारायचा, अंड्यांवरच्या मादीला हात लावायचा नाही, असे नियम झाले. पाखरू पुन्हा वाढले. आपल्याकडे वाट वेगळी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितराची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मोडायला आम्ही कधीच सांगणार नाही. माळ नांगरले गेले, पाखरे कमी झाली, तेव्हा बंदी गरजेचीच होती. पण हेही खरे की पारध्यांना त्याच्याही आधी, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या रूपाने, जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची रीत सुरू झाली होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र तशीच राहिली. वस्तीतल्या एका मावशींनी सांगितले, "पिंजरा हातात दिसला की पोलीस, नाही दिसला तरी पोलीस."

चैत्र-वैशाख हे त्यांचे सगळ्यात कठीण महिने. ज्वारी, हरभरा, करडई सगळे निघून गेलेले असते, शेतात मजुरी नसते आणि पावसाला दोन महिने असतात. नेमके याच वेळी तितर ओरडत असतो. म्हणूनच या दिवसांत हाताला दुसरे काही असावे, या विचारातून मधाच्या पेट्या आल्या. विचार चांगला होता, पण तयारी कमी पडली आणि ती चूक आमची होती.

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकच माशी येते. इथे निदान तिघींना वेगवेगळे ओळखावे लागते. आग्या ही मोठी माशी उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा कड्यावर एकच मोठे उघडे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी ही छोटी माशी झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे लावते. तीही पेटीत राहत नाही. पेटीत राहते ती सातेरी, कारण तिला मुळातच अंधारी ढोली आवडते आणि ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. महाबळेश्वरच्या दाट रानात सातेरीचे पालन चांगले चालते. तिथल्या मांघर गावाला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. मुरुडच्या उघड्या माळावर मात्र सातेरी क्वचित दिसते, फुलोरी आणि आग्या जास्त. आम्ही बाहेरून सातेरीच्या वसाहती आणल्या. हिवाळ्यात करडई आणि सूर्यफूल फुललेले होते, त्यामुळे माश्या छान रमल्या. फाल्गुनात पेटी उचलली की जड लागायची. सगळे खूश होते.

सातेरीचा स्वभाव असा की अन्न संपले, ऊन असह्य झाले किंवा पोळ्याला मेणकिडा लागला की ती जागा सोडून उडून जाते. चैत्रात कडुनिंबाचा मोहोर होता, तो झडला. करंज थोडे, तेही रस्त्याच्या कडेला. त्यानंतर चरायला काहीच उरले नाही. अशा वेळी साखरेचा पाक द्यावा लागतो, पेटीवर ओले पोते टाकावे लागते, जवळ पाणी ठेवावे लागते. वस्तीला पिण्याचे पाणी टँकरचे होते, माश्यांसाठी कोण बाजूला काढणार? मावशींनी तर पेट्या उतरवल्या त्याच दिवशी विचारले होते, "भाऊ, उन्हाळ्यात ह्या खातील काय?" आम्ही हसून म्हणालो, बघू. ते हसू आता आठवते.

हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागांचा अनुभव इथे कामाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये सफरचंद फुलते तेव्हा बागवाले भाडे देऊन मधपेट्या बागेत आणवतात. परागीभवन नीट झाले नाही तर फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे होते. मधपाळ बहर संपला की पेट्या उचलून पुढच्या बहराकडे जातो. म्हणजे त्याची कमाई मधाइतकीच फिरण्यातही आहे. आपल्याकडे डाळिंबाला आणि बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या गोंड्यांना अशीच माशी लागते. पण पेट्या रातोरात हलवायला वाहन लागते आणि शेतकऱ्याचा विश्वास लागतो. रात्री शेतात टेम्पो घेऊन उभ्या असलेल्या पारधी पोराला काय काय ऐकावे लागेल, हे या भागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे फिरत्या पेट्यांचा विचार आम्ही सध्या बाजूला ठेवला आहे.

त्याऐवजी जी माशी इथलीच आहे तिच्यापासून सुरुवात करतो आहोत. फुलोरीचे पोळे शोधण्यात ही माणसे तरबेज आहेत. माशी पाण्यावर आली की तिची उडण्याची दिशा धरून झुडपापर्यंत जातात. आजवर पोळे अख्खे ओरबाडून पिळले जायचे. त्यात अंडी-अळ्याही पिळल्या जातात, मध लवकर आंबतो आणि बाजारात भाव मिळत नाही. वास्तविक फुलोरीचा मध पोळ्याच्या वरच्या जाड भागात, फांदीला वेढून असतो, आणि पिल्लांचा भाग खाली असतो. वरचा भाग तेवढा धारदार सुरीने कापून घ्यायचा आणि खालचा भाग दोन काड्यांच्या चिमटीत धरून पुन्हा फांदीला बांधायचा. ओमानमध्ये फुलोरी अशाच काड्यांवर पाळतात. आग्याच्या बाबतीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मेळघाटातल्या कोरकूंसह अनेकांना शिकवलेली पद्धत आहे: मशालीने पोळे जाळायचे नाही, जाळीचा पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा. पिल्ले वाचली तर माश्या तिथेच राहतात आणि तोच भाग पुन्हा भरतात. हे शिकायला वस्तीतले दोन तरुण तयार झाले आहेत.

सरकारी योजनांचे काय, असेही विचारले जाते. खादी व ग्रामोद्योग मंडळाकडून मधपालनाच्या साहित्यावर अनुदान मिळते. पण आपला वाटा आधी भरावा लागतो आणि कागद लागतात. आदिवासींसाठीच्या योजनांना तर जमातीचा दाखला हवाच. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा पालात राहिले आणि गावोगाव हुसकावले गेले, त्यांनी तो कुठून आणायचा? तीन कुटुंबांसाठी जुन्या शाळेच्या नोंदी शोधण्याचे काम चालू आहे. एक नोंद सापडली आहे. या कामाला मधापेक्षा जास्त वेळ जातो आणि फोटो काढण्यासारखे त्यात काही नसते.

तेव्हा कृपया यंदा पेट्या पाठवू नका. पाठवायचेच असेल तर मध गाळण्याचे स्वच्छ कापड, झाकणाच्या काचेच्या बाटल्या, दोन जाळीचे पोशाख, आणि पावसाळ्याच्या तोंडावर करंज, शेवगा, कडुनिंब यांची रोपे. रोपे हातभर उंच असावीत, लहान रोपे शेळ्या ठेवत नाहीत. वस्तीच्या कडेची ओळ आखून झाली आहे, खड्डे मृगाच्या आधी घेऊ.

पिंजऱ्यातला एक तितर वस्तीत अजून आहे. मावशींच्या नातवाला तो सोडायचा नाही. याबद्दल त्याच्याशी बोलणे चालू आहे.