न वापरलेले वैद्यकीय साहित्य : कचऱ्यात नको, पण कोणाच्याही माथी नको

रुग्णालयाच्या कचऱ्यात रोज असे साहित्य जाते, ज्याला रुग्णाचा हातही लागलेला नसतो. त्याच वेळी सरकारी रुग्णालयाबाहेरच्या मेडिकलसमोर चिठ्ठी घेऊन उभा असलेला नातेवाईक हातमोजे आणि सलाईनच्या नळीसाठी पैसे मोजत असतो. ही दरी कशी निर्माण होते, हे आपण कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

शस्त्रक्रियेआधी गॉज, टाक्यांचे धागे, नळ्या यांची निर्जंतुक पाकिटे फोडून ठेवतात. ऐनवेळी कमी पडू नये म्हणून जास्तच फोडतात. एकदा पाकीट फुटले की उरलेली वस्तू दुसऱ्या रुग्णासाठी निर्जंतुक धरली जात नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात मेंदू व मज्जासंस्थेच्या ५८ शस्त्रक्रियांची पाहणी झाली. त्यात एका शस्त्रक्रियेमागे सरासरी ६५३ डॉलरचे साहित्य न वापरता वाया गेल्याचे आढळले.

यावर येल विद्यापीठातील भूलतज्ज्ञ डॉ. विल्यम रोझेनब्लाट यांनी १९९१ मध्ये 'रेमेडी' हा उपक्रम सुरू केला. शस्त्रक्रियागृहातील न वापरलेले साहित्य वेगळे काढायचे, निवडायचे आणि गरजू देशांतील रुग्णालयांना द्यायचे, अशी ही पद्धत. पुढे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी उरलेली सीलबंद औषधे गरिबांच्या दवाखान्यांपर्यंत नेण्याचे काम उभे केले.

मात्र दान दिले की भलेच होते, असे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधे येऊन पडली. बरीचशी तिथे उपयोगाची नव्हती, अनेकांवरील मजकूर स्थानिक डॉक्टरांना वाचता येत नव्हता. सुमारे ६०० टन औषधे नष्ट करावी लागली. म्हणजे देणाऱ्यांचा कचरा घेणाऱ्यांच्या दारात गेला.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानासाठी १९९६ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे दिली होती. त्यांचा गाभा असा : घेणाऱ्याला हवे तेच द्या, त्याला आधी विचारा, आणि जे आपल्याकडे निकृष्ट म्हणून चालत नाही, ते दुसऱ्यालाही देऊ नका. आम्हाला यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. गरीब आहे म्हणून त्याला कमी दर्जाचे चालेल, हा विचार विषमतेचाच आहे.

आपल्या वस्तीत हे काम करायचे तर सुरुवात टिकाऊ साहित्यापासून करावी. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची, हवेची गादी या वस्तू रुग्ण बरा झाल्यावर किंवा गेल्यावर घरात पडून राहतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अशा वस्तू अनामत घेऊन वापरायला देतात. एक खोली, एक नोंदवही आणि स्वच्छतेची जबाबदारी घेणारे दोन-तीन तरुण एवढ्यावर आपले मंडळही असे केंद्र चालवू शकते.

औषधांच्या बाबतीत काटेकोर राहावे. मुदत आणि बॅच क्रमांक स्पष्ट दिसणारी, न फोडलेली पाकिटेच घ्यावीत. इन्सुलिनसारखी थंड जागी ठेवायची औषधे घेऊ नयेत, कारण ती मधल्या काळात कशी ठेवली हे कळत नाही. जमवलेली औषधे कार्यकर्त्यांनी स्वतः वाटू नयेत. धर्मादाय दवाखान्याला आधी विचारून तिथल्या डॉक्टर व औषधनिर्मात्याच्या ताब्यात द्यावीत. वापरलेली सुई, सिरिंज किंवा कॅथेटर तर अजिबात गोळा करू नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्यांची विल्हेवाट वेगळी लावावी लागते.

येत्या आरोग्य शिबिराआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन 'तुम्हाला काय कमी पडते?' एवढे विचारून यावे. यादी त्यांच्याकडून यावी, गोळा करण्याचे कष्ट आपण घ्यावेत.