लँगहॅमर, वॉल्टर
(१९०५–१९७७). ऑस्ट्रियन चित्रकार व कलाशिक्षक. जन्म ग्रात्स येथे. शिक्षण व्हिएन्नाच्या कला अकादमीत. पत्नी ज्यू असल्याने, १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या अंमलाखाली जाताच तो मुंबईस आला. टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक म्हणून त्याने काम केले. भारतातील प्रखर सूर्यप्रकाश त्याच्या निसर्गचित्रांत तेजस्वी, शुद्ध रंगांच्या जोरकस फटकाऱ्यांतून प्रकटला. नेपियन सी मार्गावरील त्याच्या घरी रझा, आरा प्रभृती तरुण चित्रकारांना यूरोपीय आधुनिक कलेचा परिचय झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चे ते सदस्य होत. पुष्पपात्रांच्या स्थिरवस्तुचित्रांसाठी पुढे ख्यातनाम झालेल्या आरा यांना लँगहॅमरने प्रारंभीच उत्तेजन दिले. अशा रीतीने एका निर्वासिताचे वास्तव्य भारतीय आधुनिक चित्रकलेस उपकारक ठरले.