मोकळा सोडलेला गडी

अमेरिकेत मुलाकडे मुक्कामास असलेल्या एका वाचकांनी तेथील विद्यापीठांचे फुटबॉल सामने पाहून अशी पृच्छा केली आहे की, ज्या संघाचे गडी मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांगून उभे राहतात, तोच संघ पुढच्या क्षणी चेंडू घेऊन नेमका मधल्या गर्दीत का घुसतो. प्रश्न मार्मिक आहे. कारण ‘स्प्रेड ऑफेन्स’ या रचनेचे मर्म लांब फेकीच्या पासांत आहे, असा जो समज रूढ झाला आहे, त्याचे निरसन याच प्रश्नाच्या उत्तरात होते.

मैदानाची रुंदी १६० फूट. गडी अकरा विरुद्ध अकरा. चढाई करणाऱ्या पक्षाने पास झेलणारे चार रिसीव्हर कडांकडे तैनात केले की त्यांच्या बंदोबस्तासाठी बचावाला चार माणसे धाडावीच लागतात, आणि निदान एक गडी दूर मागे पहाऱ्यावर ठेवणे भाग पडते. मध्यभागी उरतात सहा. त्यांच्यासमोर पाच धिप्पाड लाइनमन, आणि त्यांच्या मागे चेंडूची मुखत्यारी ज्याच्याकडे असते तो क्वार्टरबॅक व त्याच्या शेजारी एक धावपटू. पाचांनी पाचांना अडवले, तरी सहावा शिल्लक राहतोच. जुन्या पद्धतीत धावपटूच्या हाती चेंडू दिला की क्वार्टरबॅकचे काम संपे, आणि हा शिल्लक गडी धावपटूस गाठे. ‘झोन रीड’ या युक्तीने त्याला अडवण्याचा खटाटोपच सोडून दिला. रांगेच्या टोकाचा बचावपटू हेतुपुरस्सर मोकळा ठेवावयाचा. क्वार्टरबॅकने चेंडू धावपटूच्या पोटाशी धरावयाचा, पण नजर त्या मोकळ्या गड्यावर खिळवावयाची. तो धावपटूवर झेपावला, तर चेंडू ओढून घेऊन त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून स्वतः पळावयाचे. तो जागीच थबकला, तर चेंडू धावपटूच्या स्वाधीन करावयाचा. शंभर किलोंहून अधिक वजनाचा देह एकदा वेगाने एका दिशेस निघाला म्हणजे त्याला क्षणार्धात माघारी वळवणे जडत्व होऊ देत नाही.

प्रतिपक्षाची कैफियत दप्तरी दाखल झाल्यावरच आपली कैफियत लिहावयास बसण्याची मुभा ज्या पक्षकारास मिळावी, त्याच्या वकिलाला जे बळ लाभेल, तेच निर्णयाच्या या निमिषमात्र विलंबाने क्वार्टरबॅकला लाभते; आणि माझ्या मते या रचनेतील खरा शोध तो विलंब होय, पांगणे हे केवळ त्याचे साधन.

या शोधाचे श्रेय बड्या विद्यापीठांच्या नामांकित प्रशिक्षकांना देण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मला मान्य नाही. टेक्सासमधील प्रशिक्षक डच मेयर यांचा ‘स्प्रेड’ रचनेवरील ग्रंथ १९५२ सालचा आहे. ओहायोतील मिडलटाउन येथील हायस्कूलचे प्रशिक्षक ग्लेन ‘टायगर’ एलिसन यांनी १९५८ च्या हंगामात, आरंभीच्या पाच सामन्यांत एकही विजय पदरी न पडल्यावर, चेंडू मागे देणाऱ्या गड्याला एकाकी ठेवून रांगेतील बाकीच्यांना दूर एका बाजूस नेऊन उभे केले आणि उरलेले पाचही सामने जिंकले! झोन रीडची कथाही अशीच. १९९० नंतरच्या वर्षांत रिच रॉड्रिगेझ हे वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल येथल्या लहानशा महाविद्यालयात प्रशिक्षक असताना, असे सांगतात की, सरावात धावपटूला चेंडू देणे साधले नाही म्हणून क्वार्टरबॅक तो घेऊन स्वतःच बाहेरून पळाला, आणि कारण विचारता, टोकाचा बचावपटू आत घुसताना दिसला, एवढेच त्याने सांगितले. त्या साध्या उत्तराचे मोल जाणणे, यातच रॉड्रिगेझ यांची प्रतिभा मला दिसते. मनुष्यबळ तुटपुंजे असलेल्यांनी घडविलेले हे हत्यार किती धारदार आहे, हे १ सप्टेंबर २००७ रोजी साऱ्या देशाने पाहिले: खालच्या श्रेणीतील अॅपलेशियन स्टेटने बलाढ्य मिशिगनला त्याच्याच मैदानावर, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ३४–३२ असे हरविले.

बचावपक्षानेही तोड काढली. टोकाचा गडी मुद्दाम आत झेपावतो, आणि त्याच्या मागचा लाइनबॅकर त्याच्या जागी धावून येऊन, फसलेल्या क्वार्टरबॅकची वाट पाहतो. त्यावर चढाईने आता लाइनबॅकरवरच नजर ठेवून, तो पुढे सरसावताच त्याच्या पाठीमागे पास टाकण्याची तजवीज केली आहे. आणि तिला कायद्याचेही साहाय्य आहे, कारण पास सुटण्यापूर्वी लाइनमनला व्यावसायिक खेळात एकच यार्ड पुढे जाण्याची परवानगी असता विद्यापीठांच्या नियमांत ती तीन यार्डांची आहे, आणि त्या जादा दोन यार्डांमुळे त्याला धावेसाठीच रेटा दिल्याचा आव अखेरपर्यंत टिकविता येतो.